शुक्रवारी प्यालेला चहा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितलं, माझ्याकडं गोड आठवणी नाहीत. दिवाळीचा अंक, लोक चिवडा खात खात वाचणार, आणि मी काय सांगणार, तर माणसांनी एकमेकांच्या गळ्यात भंगार गाड्या कशा मारल्या. ते म्हणाले, "तेच लिहा की खाजाभाई. आता घरटी एक सेकंडहँड गाडी उभी हाय." बरं, लिहितो. फक्त रागानं काही लिहून गेलो तर ते खोडायचं नाही, एवढं त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतलंय.

मी मूळचा नांदेडचा. देगलूर नाक्यावर लतीफ उस्तादांच्या गॅरेजात हात काळे केले. भूकंप झाला त्या आठवड्यात हत्यारांची पेटी घेऊन लातूरला आलो, कारण मदतीचं सामान घेऊन आलेल्या गाड्या जागोजाग मोडून पडल्या होत्या आणि मिस्त्री पुरत नव्हते. चार दिवसांसाठी आलो तो इथलाच झालो. औसा रोडवर पत्र्याचं शेड टाकलं आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं त्याच शेडखाली काढली.

माझा हात बसला तो मोठ्या डिझेल गाड्यांवर. आता शहरातली पोरं त्यांना एसयूव्ही म्हणतात, आम्ही सरसकट जीप म्हणायचो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा कमी आणि वापरणाऱ्याचा जास्त. दहा माणसांची गाडी. भूकंपाच्या कामाला त्या शेकड्यानं आल्या, कामं संपल्यावर लिलावात निघाल्या, ठेकेदारांनी घेतल्या, त्यांनी पिळून घेतल्यावर दलालांकडं आल्या. आणि नेमका तेव्हाच लातूरला ट्यूशनचा बाजार भरला. डॉक्टर व्हायचं तर लातूर, असं सगळ्या महाराष्ट्राच्या डोक्यात बसलं. मग काय विचारता! ज्याला त्याला पोरांची ने-आण करायला मोठी गाडी पाहिजे, आणि तीही स्वस्तात.

मला राग कशाचा यायचा सांगतो. दहा जणांच्या गाडीत अठरा लेकरं कोंबायचे. क्लासची फी भरताना बाप कर्ज काढायचा, आणि ज्या गाडीत लेकरू बसवायचं तिच्या ब्रेकला बाराशे रुपये लागतात म्हटलं की त्याचं तोंड वाकडं! "मिस्त्री, सध्या नुसतं टाईट करून द्या." अरे, काय टाईट करून देऊ? घासून पत्रा उरलाय. अशांना मी गॅरेजातून हाकलून दिलंय. ते पुढच्या चौकात दुसऱ्याकडून टाईट करून घ्यायचे.

आता धंद्यातली एक रीत समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडं जुनी गाडी घेणारा एकटा जात नाही, सोबत मिस्त्री नेतो. दलालाच्या स्टँडवर मिस्त्री गाडी बघतो आणि घेणारा रस्त्याच्या पलीकडं उभा राहतो. मिस्त्रीनं दलालाच्या तोंडावर गाडीला नावं ठेवायची नसतात, भांडणं होतात. मग घेणाऱ्याला कळायचं कसं? चहावरून. दलाल चहा मागवतोच. मिस्त्री चहा प्याला की गाडी पास. कप तसाच राहिला, वर साय धरली, की घेणारा मुकाट्यानं घरचा रस्ता धरतो. ही रीत कुणी पाडली माहीत नाही, पण लातूर-नांदेडला सगळे पाळायचे.

आणि जिथं रीत तिथं तिची विक्री. चहा प्यायचे पाचशे रुपये दलालांकडून घेणारे मिस्त्री मी बघितलेत. नावानिशी सांगू शकतो, पण त्यातले निम्मे मातीआड गेले. मी कधी घेतले नाहीत. लातुरात म्हण होती, खाजाचा चहा थंडच होतो. दलाल माझ्यासाठी अर्धा कपच मागवायचे, वाया जातो म्हणून. मला या गोष्टीचा गर्व होता. होता म्हणजे फारच होता.

मी लोकांना सांगायचो, जुन्या गाडीची किंमत दोनदा मोजायची तयारी ठेवा, एकदा दलालाला आणि मग वर्षभरात मला. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढा. आतून भकाभका धूर आला तर रिंगा गेल्या, इंजिन खोलायचं काम, त्या वेळच्या भावानं तीस-पस्तीस हजार. सकाळी गार असताना चालू व्हायला कुथत असेल तर पंप आणि नोझल, दहा हजाराला मरण नाही. दलाल म्हणूनच तुम्ही यायच्या आधी गाडी गरम करून ठेवतो. बॉनेटला हात लावून बघा. तिसऱ्या गिअरला गुरगुरली तर बेअरिंगा, सात-आठ हजार. क्लच प्लेट चार हजार. पुढच्या चाकांचे बुश आणि बॉल जॉइंट तीन हजार, आणि आपले रस्ते बघता ते दरसाल. किलोमीटरचा काटा तर बघूच नका. तो माणसानं फिरवलेला असतो. बघायचं असेल तर ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघा, ते किती झिजलंय त्यावरून गाडी किती पळाली कळतं.

हे सगळं पैसे टाकले की बरं होतं. चासी मात्र तशी नसते. चासी म्हणजे गाडीखालचा लोखंडी सांगाडा. इंजिनपासून माणसांपर्यंत सगळं त्याच्यावर बसलेलं. तो तडकला की जोड मारता येतो, पण तो जोड म्हणजे मोडक्या पायाला बांधलेली फळी. चार दिवस चालतं. आणि चासी बघायची तर गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं, दुसरा उपाय नाही.

जोडाची गोष्ट निघाली म्हणून लतीफ उस्तादांचं सांगतो. त्यांचा दंडक होता की वेल्डिंगचा जोड मारला की शेजारी लोखंडावर पंचानं, म्हणजे टोकदार लोखंडी हत्यारानं, खूण ठोकायची. प्रत्येकाची वेगळी. माझे तीन ठिपके. मी विचारलं होतं कशाला, तर उस्ताद म्हणाले, "टूटा तो लोगां को मालूम होना, गाली किस को देना." जोड तुटला तर शिव्या कुणाला घालायच्या ते लोकांना कळलं पाहिजे. मी आयुष्यभर खूण ठोकत आलो. भूकंपाच्या दिवसांत तर उभ्या उभ्या कितीतरी जोड मारले, कारण गाडी थांबवायची सोय नव्हती. पाण्याचे पिंप, पत्रे, सिमेंट, जे मिळेल ते वाहायचं. प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचो, "महिनाभर चालव, मग चासी बदल." तो "हाव" म्हणायचा आणि निघून जायचा.

आता बिराजदार सर. शिरूर अनंतपाळच्या शाळेत गणित शिकवायचे. हळू बोलणारा, शर्टाच्या खिशाला दोन पेन लावणारा माणूस. भूकंपाला दहा-अकरा वर्षं झाली असतील तेव्हा ते माझ्याकडं आले. त्यांची मुलगी अश्विनी बारावीला, आणि तिच्या वर्गातल्या आणखी सहा मुली. सगळ्यांना लातूरला क्लास लावायचे होते. मी म्हटलं, "सर, हॉस्टेलला ठेवा की. रोज शंभर किलोमीटर जाणं-येणं कशाला?"

सर म्हणाले, "आमच्या घरी ऐकत नाहीत."

घरी म्हणजे त्यांच्या पत्नी, महानंदाताई. त्यांचं माहेर औसा तालुक्यात, भूकंपाच्या पट्ट्यात. माहेरची पाच माणसं त्या पहाटे दगडमातीखाली गेली होती. तेव्हापासून त्या स्वतः पत्र्याच्या खोलीत झोपायच्या. चांगलं बांधलेलं घर शेजारी मोकळं पडलेलं. लेक चार मजली हॉस्टेलात? छे! "परक्याच्या स्लॅबखाली माझं लेकरू झोपवणार न्हाई," हे त्यांचं शेवटचं. आणि बाकीच्या सहा घरांनीही त्यांच्याकडं बघून तेच धरलं. म्हणून सात घरांनी मिळून एक जुनी जीप घ्यायची, सरांनी चालवायची, सकाळी न्यायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी आणायचं, असं ठरलं. गाडी निवडायची जबाबदारी माझ्यावर. सर म्हणाले, "तुम्ही चहा प्यालात की आम्ही बयाणा देऊन टाकू."

दलाल होता दिलीपशेठ. नांदेड रोडला त्याचा स्टँड. तोंडात साखर, गाड्या म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा. त्याच्याकडं एक लाल जीप होती, नव्यानं रंगवलेली. पण त्या दिवशी शुक्रवार होता. जुम्म्याच्या नमाजाला जायचं म्हणून मी पांढरा कुर्ता-पायजमा घालून आलो होतो. दुपारी बघू म्हटलं असतं तर चाललं असतं. पण सरांनी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, म्हटलं पटकन उरकू.

इंजिन बघितलं, खरंच चांगलं होतं. गिअर, क्लच, स्टिअरिंग, सगळं ठीक. आता राहिलं खाली झोपायचं. मी वाकलो आणि डोकं तिरकं करून बघितलं. चासीला ताजा काळा रंग दिलेला होता, ओलसर. या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल, जुन्या गाडीखाली नवा काळा रंग म्हणजे झाकली मूठ. मला दिसलं. दिसलं आणि मी माझ्या कुर्त्याकडं बघितलं.

तेवढ्यात दिलीपशेठ पेढे घेऊन आला. त्याची मुलगी बारावीला पंच्याण्णव टक्क्यांनी पास झाली होती, डोळ्यात पाणी होतं गड्याच्या. "खाजाभाई, आज न्हाई म्हणू नका. लेकीचा चहा हाय." बाप माणूस मीही आहे. अशा दिवशी कप ढकलला तर तो पोरीचा अपमान. मी पेढा घेतला आणि चहा प्यालो. मनाशी म्हटलं, हा काही गाडीचा चहा नाही, हा पेढ्याचा चहा आहे.

रस्त्यापलीकडं उभ्या असलेल्या माणसाला पेढ्याचा चहा आणि गाडीचा चहा यातला फरक कुठून दिसणार? मी कप खाली ठेवला तर सर रस्ता ओलांडून आलेले, हातात पाकीट. केवढे खूश होते! दिलीपशेठनं हातात हात दिला. तेव्हाही मी म्हणू शकलो असतो, थांबा सर, मला खाली झोपून बघायचंय. पण सरांच्या आणि दलालाच्या समोर माझी चूक मी कशी काढू? बांग झाली होती. मी "ठीक आहे" म्हणालो आणि नमाजाला गेलो.

गाडी रोज शंभर किलोमीटर धावायला लागली. नोझल गेली, बदलली. क्लच प्लेट बदलली. रेडिएटर गळला, तो झाला. जुनी गाडी म्हटलं की हे येणारच. सर कुरकुर न करता करून घ्यायचे. मग पुढचं उजवं टायर आतल्या बाजूनं खाल्लं जायला लागलं. मी बुश बदलले, तीन हजार. दोन महिन्यांत पुन्हा तेच. बॉल जॉइंट बदलले. पुन्हा तेच. मी रस्त्याला शिव्या घातल्या, ठेकेदाराला घातल्या, स्पेअर पार्ट विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. जॅक लावून चाक काढायचं, काम करायचं, चाक लावायचं, एवढंच करत होतो. पूर्ण खाली गेलोच नाही. कारण गाडी पास केलेली होती, आणि पास कुणी केली होती? मी.

एकदा अश्विनी सरांबरोबर गॅरेजात आली होती. पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "काका, आम्ही सगळ्या बसल्यावर पुढचं दार नीट लागत न्हाई. रिकामी असली की लागतंय."

मी हात पुसत म्हटलं, "बिजागरी ढिली आहे. तू डॉक्टरकीचं बघ, गाडीचं मला बघू दे."

पोरीनं वाक्य बरोबर मांडलं होतं. वजन बसल्यावर दार लागत नाही, याचा अर्थ वजनानं गाडी मधून वाकते. गणिताच्या मास्तरची लेक ती. आणि मी, पंचवीस वर्षं हात काळे केलेला मिस्त्री, बिजागरीला तेल सोडून मोकळा झालो.

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला त्या मुलींना नांदेडचं सेंटर आलं. आदल्या दिवशी सकाळी सर गाडी घेऊन आले. "उद्या पहाटे निघायचंय. तीन तास धरून चालू. एकदा सगळं बघून घ्या, खाजाभाई. उद्याचा दिवस चुकायला नको." वर्षभराची मेहनत होती सात पोरींची. मी म्हटलं, आज सगळं नीट बघू. पोतं टाकलं आणि खाली गेलो.

काळा रंग वर्षभरात उडाला होता. चासीच्या उजव्या बाजूला, पुढच्या दाराच्या बरोबर खाली, जुना जोड होता. वरून लोखंडी पट्टी मारलेली. तिच्या कडेनं तडा गेला होता, आत बोट जाईल एवढा, आणि पट्टी एका टोकाकडून सुटून आलेली. चासी नुसत्या खालच्या कडेवर धरून होती. नांदेडच्या वाटेवर, लोहा गावाच्या अलीकडं एखादा खड्डा जोरात बसला असता तर गाडी मधून बसली असती. मी तोंडातल्या तोंडात त्या वेल्डरला आईवरून शिवी दिली. मग फडक्यानं ग्रीस पुसलं. जोडाशेजारी तीन ठिपके होते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. खाली पडल्या पडल्या मला ती गाडी आठवली. तेव्हा पांढरी होती, बाहेरच्या राज्याच्या नंबरची, मागं पाण्याचे पिंप बांधलेले. ड्रायव्हर म्हणत होता, लवकर कर, लोक पाण्याला उभे आहेत. महिनाभर चालव म्हणालो होतो. ती अकरा वर्षं चालली होती.

बाहेर येऊन मी किल्ली खिशात घातली. "सर, ही गाडी इथून हलणार नाही."

"म्हणजे?"

"चासी तुटलीय. घेताना मी खाली बघितलं नव्हतं. आणि तो जोडही माझाच आहे, भूकंपातला."

सरांनी वाकून गाडीखाली बघितलं. मग म्हणाले, "अश्विनीनं तुम्हाला दाराचं सांगितलं होतं." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

भाड्याची गाडी मिळणार नव्हती. परीक्षेमुळं लातुरातल्या सगळ्या गाड्या महिनाभर आधी ठरलेल्या. मी सरांना घेऊन सरळ दिलीपशेठच्या स्टँडवर गेलो. स्टँडवर दहा-बारा गाड्या उभ्या, गिऱ्हाईकंही होती. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "लाल जीपची चासी फुटकी आहे हे तुला माहीत होतं का नव्हतं?"

दिलीपशेठ हसला. "आवं खाजाभाई, चहा तुम्हीच प्यालात की. म्या कुठं म्हणलो गाडी चांगली हाय?"

"चहा तू लेकीचा म्हणून पाजलास!"

"मग काय खोटा पाजला का?" मग तो जरा जवळ आला, आवाज उतरवला. "आन् खरं सांगू का? जोड मला दिसला हुता. मी सोडूनच देणार हुतो ती गाडी. पर तीन ठिपके बघितले आन् म्हणलं, खाजा मिस्त्रीचा जोड हाय, हा काय तुटत न्हाई. तुमच्या खुणेवर घेतली मी ती."

थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं. शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं म्हणून ठोकलेली खूण, आणि बाजारानं तिचा भाव केला होता.

मी म्हटलं, "उद्याच्याला एक गाडी दे. चांगली."

"बयाणा ठेवा, देतो. धंदा हाय."

मग माझं डोकं फिरलं. दलाल लोक काचेवर गाडीचं कौतुक लिहायला पांढऱ्या रंगाचा डबा ठेवतात, तो तिथंच स्टुलावर होता. मी डबा उचलला. त्यातल्या निम्म्या गाड्या मी कुणा ना कुणासाठी आधीच बघून नाकारल्या होत्या. पहिल्या गाडीच्या काचेवर लिहिलेलं होतं, 'एकच मालक, डॉक्टरांची गाडी'. त्याखाली मी ब्रशनं लिहिलं, 'इंजिन खोलावं लागणार. खर्च पस्तीस हजार.' दुसरीवर होतं 'कंडिशन एक नंबर'. त्याखाली लिहिलं, 'पंप गेला, दहा हजार. काटा फिरवलेला.' दिलीपशेठ धावत आला, "ओ, काय करून राहिले! येड लागलं का?" मी तिसरीवर गेलो. 'किल्ली फिरवा आणि पळवा' असं होतं. मी लिहिलं, 'पळवा, पण थांबणार कशी? चारही चाकांचे ब्रेक गेलेले, चार हजार.' गिऱ्हाईकं हसायला लागली. एकानं आपल्या गाडीचा सौदा तिथंच मोडला आणि मला विचारलं, "मिस्त्री, ह्या निळीचं काय?"

"निळीचं सांगतो," मी म्हटलं आणि ब्रश बुडवला.

दिलीपशेठनं किल्ल्यांचा जुडगाच माझ्या अंगावर फेकला. "घ्या बाबा, कुठली पाहिजे ती घ्या आन् तोंड काळं करा!"

मी एकेका गाडीखाली गेलो. मातीत, तेलात, अंगावर होत्या त्या कपड्यांनिशी. पाचवी गाडी सापडली, राखाडी रंगाची, दिसायला अगदी भिकार, पण खालून अख्खी. तिचे ब्रेक आणि टायर संध्याकाळपर्यंत मी स्वतः केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच चालवत नेली. सर पुढं बसले होते. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मागं मुली पुटपुटत पाठ करत होत्या. वेळेच्या तासभर आधी नांदेडला पोचलो. उतरताना अश्विनीनं दार एकदा लावलं, उघडलं, परत लावलं आणि माझ्याकडं न बघता आत गेली. त्या सातजणींतल्या दोघींना मेडिकल मिळालं. अश्विनीला दातांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली, आता उदगीरला तिचा दवाखाना आहे. राखाडी गाडी सरांकडंच राहिली. त्याचा हिशेब मी आणि दिलीपशेठनं आमच्यात मिटवला. लाल जीप मी गॅसनं कापून भंगारात घातली. ठिपक्यांचा तुकडा ठेवावा असं मनात आलं होतं, तोही ठेवला नाही.

पण परीक्षेच्या त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. मुलींना घेऊन दिवस मावळायच्या आत शिरूरला पोचलो. सरांनी घरी फक्त 'गाडी बिघडली' एवढंच सांगितलेलं. ते मला म्हणाले, "झालं गेलं. तुम्ही जा आता." चांगला माणूस. पण मला जाता येईना. महानंदाताई ओसरीवर आल्या, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मी उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यांना सगळं सांगितलं. काळा रंग, शुक्रवार, पांढरे कपडे, पेढा, दार आणि तीन ठिपके. काही लपवलं नाही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मिस्त्री, लेकरू परक्याच्या स्लॅबखाली नगं म्हणून मी ते तुमच्या जोडावर बसवलं हुतं. वरीसभर. रोज."

मी मान खाली घातली.

"माझी आई गेली, दोघं भाऊ गेले, भावजय गेली, तिचं तान्हं गेलं. अकरा वर्षं झाली, मला शिव्या द्यायच्या हायत आन् द्यायला कुणी न्हाई. कुणाला देऊ? जमिनीला? दगडाला? तुम्ही तरी समोर हायत."

आणि त्यांनी दिल्या. गल्लीतली माणसं दारात आली तरी थांबल्या नाहीत. "आग लागो तुमच्या त्या पांढऱ्या कपड्याला! माती लागल्या कपड्यानं नमाज केली असती तर देवानं काय हाकलून दिलं असतं?" सर मध्ये पडायला लागले, त्यांना त्यांनी हातानं मागं सारलं. अश्विनी आईच्या खांद्याला धरून उभी होती. मी खाली बघत ऐकत राहिलो. खरं सांगतो, निघून जावंसं वाटलं नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज बसला, मग त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

आमच्या मराठवाड्यात दारात आलेल्या दुश्मनालाही चहा विचारतात. मला विचारला नाही. मी थोडा वेळ थांबलो, चपला घातल्या आणि लातूरची एसटी धरायला स्टँडकडं निघालो.